शनिवारी दोन गोळ्या

८ फेब्रुवारी

ताई,

पत्र फाडणारच असशील तर आधी पाकिटावरचं तिकीट सोडवून घे. शिक्का कडेला लागलाय, तिकीट पुन्हा चालेल.

दोन वर्षं झाली, मी एक ओळ लिहिली नाही. का, ते तुला माहीत आहे आणि मलाही, म्हणून ते राहू दे. आज बातमी द्यायला लिहितेय. मी शिकवायला लागले. हो, मीच. आठवीत गणिताच्या तासाला जी खिडकीतून बाहेर पडली आणि परत वर्गात गेलीच नाही, ती मी चाळीस बायकांना शिकवते आणि त्या ऐकतात. निम्म्या तरी ऐकतात.

सध्या मी शर्टांच्या कारखान्यात आहे. मध्ये बिस्किटांचा झाला, लाँड्री झाली, एका लॉजमध्ये चादरी बदलायचं काम झालं. ते सगळं सांगत बसले तर मूळ गोष्ट राहील. तू मला भिंगरी म्हणायचीस ते काही उगाच नाही. इथे मात्र सहा महिने टिकलेय. एका लाइनीत चाळीस मशिनी. एक बाई नुसत्या कॉलरी लावते, एक नुसते कफ, मी खिसे. दिवसाला चारशे खिसे लावते आणि माझ्या स्वतःच्या झग्याला एकही नाही. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून लाइनीवर देखरेख करणाऱ्या मास्तरांच्या हातावर ठेवावे लागतात, त्याशिवाय नवी मिळत नाही. एकदा टोक सापडेना म्हणून सतरा बायका अर्धा तास जमिनीवर रांगत होत्या. मास्तर पण. ते रांगताना त्यांची पँट उसवली आणि शिवायला कोणी तयार होईना, कारण पँटीची लाइन वरच्या मजल्यावर.

तर झालं असं. कारखान्यात एक नर्सबाई यायला लागल्या, कुठल्याशा संस्थेच्या. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास कॅन्टीनची टेबलं सरकवायची आणि बायकांच्या तब्येतीचे धडे. पाळी, अंगावरून जाणं, दिवस जाणं, न जाऊ देणं, नवऱ्याकडून लागणारे रोग. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या माना खाली. नर्सबाईंनी भिंतीवर तक्ता लावला आणि विचारलं, कोण वाचून दाखवेल. लाइनीत वाचता येणाऱ्या वीसेक तरी आहेत, पण सगळ्यांचे डोळे एकदम अधू झाले. मी उठले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खणखणीत वाचला, बाजारात भाव पुकारतात तसा. गर्भाशय, योनी, निरोध, काही सोडलं नाही. मागे कोणाला तरी ठसका लागला आणि डबा सांडला. काजवाली काकू म्हणून आहे एक, शर्टांची काजं करते, लाइनीत सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, या पोरीच्या जिभेला हाड नाही. नर्सबाईंनी तिथल्या तिथे माझं नाव लिहून घेतलं.

प्रत्येक लाइनीतून एक आरोग्य मैत्रीण नेमतात. तिला तीन दिवस शिकवतात, पगार कापत नाहीत. पहिल्या दिवशी शरीर. दुसऱ्या दिवशी साधनं. निरोध कसा चढवायचा ते आम्ही धाग्याच्या रिकाम्या रिळावर शिकलो. आता मला रीळ बदलताना हसू येतं आणि मास्तर विचारतात काय झालं. तिसरा दिवस किरकोळ, उजळणी वगैरे.

आणि त्याच आठवड्यात इथल्या नदीवरच्या नव्या पुलाचा मधला तुकडा बसवला. ताई, तू बघायला हवी होतीस. दोन क्रेन, एक या काठावर, एक त्या, आणि मध्ये तो एवढा थोरला लोखंडी तुकडा हवेत, पाळण्यासारखा. दुपारभर तो बोटा-बोटाने खाली येत होता. बसला तेव्हा दोन्ही काठांवरची माणसं, एकमेकांना ओळखत नव्हती ती, हात हलवत होती.

तुझ्या मुली कशा आहेत? धाकटी बोलायला लागली असेल.

तुझी भिंगरी

२ मार्च

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल. उत्तर नाही आलं तरी मी लिहिणार, मला इथे दुसरं ऐकणारं कोण आहे.

माझे वर्ग जोरात चाललेत. छातीवर आरोग्य मैत्रिणीची हिरवी फीत लावते. सुरुवातीला टोमणे झाले, की लग्नाचा पत्ता नाही आणि ही आम्हाला संसार शिकवणार. मी म्हटलं, पोहायला शिकवणाऱ्याने आधी बुडून दाखवायचं का? तेव्हापासून गप्प आहेत. आता मशिनीवर वाकून हळूच विचारतात. सगळ्यांत जास्त तक्रार कशाची, माहीत आहे? लघवीची. चाळीस बायकांत एकच बिल्ला, तो गळ्यात घालून जायचं आणि परत येईपर्यंत बाकीच्यांनी मांड्या आवळून बसायचं. म्हणून कोणी पाणीच पीत नाही, मग जळजळ, मग ताप. मी मास्तरांना जाऊन दुसरा बिल्ला मागितला. त्यांचे कान लाल झाले आणि बिल्ला मिळाला. एवढं मोठं काम आयुष्यात मी दुसरं कुठलं केलं नाही.

माझ्या पुढच्या मशिनीवर कॉलरवाली बसते. तुझ्याच वयाची. बोलते कमी, कॉलर मात्र अशी लावते की टोकाला हात लावला तर टोचेल. दोन मुलं, दोन्ही पोट फाडून झालेली, धाकटं आठ महिन्यांचं. डॉक्टरांनी बजावलंय, तीन वर्षं तरी पुन्हा नाही, आतली शिवण पातळ आहे, उसवली तर आवरणार नाही. नवरा ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी सासू. सासू वाईट नाही, पण रोज हिची पिशवी उघडून बघते. उघडून काही म्हणत नाही, नुसती बघते आणि बंद करते.

नर्सबाईंनी तिला तपासून रोजच्या गोळ्या दिल्या. अठ्ठावीस गोळ्यांची पट्टी, एकवीस पांढऱ्या, सात तांबूस, त्या लोहाच्या, त्या चालू असताना पाळी येते. पण ठेवायच्या कुठे? हेच दुःख आणखी दहाजणींचं. एकीचा नवरा, एकीची नणंद, एक तर बारा बायकांच्या खोलीत राहते. मग मी डोकं चालवलं. लाइनीला दोऱ्याच्या बॉबिन वाटायचं काम माझ्याकडेच, म्हणून बॉबिनचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे, कुलपाचा. अकरा जणींच्या पट्ट्या त्यात. प्रत्येकीच्या पट्टीवर तिच्या कामाची खूण, कॉलर, कफ, बाही. सकाळी घंटा झाली की बॉबिन वाटत फिरायचं आणि बॉबिनबरोबर गोळी. मास्तरांच्या नाकासमोर. कॉलरवाली पहिल्या दिवशी नुसती गोळीकडे बघत बसली होती. मी म्हटलं, तू फक्त हात पुढे कर, बाकी माझ्यावर सोड.

एक अडचण होती. पट्टीत एका ओळीत सात गोळ्या आणि आमचा आठवडा सहा दिवसांचा. रविवारची गोळी घरी न्यायला कोणी तयार नाही, एक गोळीसुद्धा नाही. पण कारखान्यात बसून इतकं तरी डोकं येतंच. सुट्टीच्या आधी आम्ही काय करतो? थोडे आगाऊ पीस मारून टेबलाखाली दडवतो, म्हणजे सुट्टीनंतर हात जड असले तरी आकडा भरतो. तसंच. शनिवारी दोन गोळ्या. एक शनिवारची, एक रविवारची आगाऊ. सगळ्यांना पटलं. कॉलरवालीने तेवढं विचारलं, नर्सबाईंनी असंच सांगितलंय का? मी म्हटलं, मग काय.

अकरा बायका, ताई. एकही पट्टी मागे-पुढे नाही. मला आता झोपसुद्धा बरी लागते.

भिंगरी

१८ मार्च

ताई,

मोठी गंमत झाली. इस्त्रीच्या वाफेचा बॉयलर फुगला. फुटला नाही, पण मास्तर म्हणाले, फुटायच्या बेतात होता. गुरुवार ते रविवार कारखाना बंद. बुधवारी दुपारी कळलं आणि सगळ्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. आता चार दिवसांचं काय?

काय म्हणजे काय. आगाऊ. संध्याकाळच्या घंटेला प्रत्येकीला चार गोळ्या दिल्या. सकाळची धरून पाच. काजवाली काकू गोळ्यांत नाही, तिचं ते सगळं आटोपलंय, पण तिने बघितलं आणि म्हणाली, काय गं, उंटाला पाणी पाजतेस का, चार दिवसांचं? सगळ्या हसल्या. मी पण.

सोमवारी आल्या तर निम्म्यांचे चेहरे उतरलेले. बुधवारी रात्रभर उलट्या. बाहीवाली म्हणाली, आतडं बाहेर येतंय असं वाटलं. मी सांगितलं, अंगात औषध भिनतं तेव्हा होतं असं. आणि डबा उघडून पुढची ओळ चालू केली, आकडे बरोबर जुळले.

मी त्या चार दिवसांत पुलावर जाऊन आले. आता त्यावरून माणसं जातात. मधोमध उभं राहिलं की ट्रक गेल्यावर पाय थरथरतात, पुलाचे की आपले ते कळत नाही. कॉलरवालीचा नवरा त्याच सुट्टीत घरी होता. त्या दोघांना मी पुलावर बघितलं. तो धाकट्याला खांद्यावर घेऊन नदी दाखवत होता आणि ती हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी हाक मारली नाही.

तेव्हा तुझ्या घरची ती संध्याकाळ आठवली. मी खरं तर धाकटीला बघायलाच आले होते, झबलं घेऊन. तू तिला मांडीवर घेऊन बसली होतीस, मधली पदराला लोंबकळत होती, मोठी रडत होती, आणि भाऊजी पेपर वाचत होते. मला राग भाऊजींचा आला होता. काढला मात्र तुझ्यावर. कारखाना आहे का पोरांचा, नाही म्हणता येत नाही का तुला. भाऊजींनी पेपर खाली केला. तू म्हणालीस, ऊठ, जा. तुझा आवाज चढला नाही, म्हणून मला अजून ऐकू येतो.

हे लिहायचं ठरवलं नव्हतं. लिहिलं गेलं.

भिंगरी

२९ एप्रिल

ताई,

मधे पत्र नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे होतं.

कॉलरवालीला दिवस गेलेत.

मागच्या सोमवारी ती बॉबिन घ्यायला आली तेव्हा गोळी घेतली नाही. म्हणाली, दोन पट्ट्यांच्या तांबूस गोळ्या संपल्या, पाळी आली नाही. पहिल्या वेळेला तिला वाटलं होतं, गोळ्यांनी होत असेल. मी म्हटलं, होतं कधीकधी. मला माहीत नव्हतं होतं का. मग नर्सबाईंनी तपासलं आणि झालं ते स्पष्टच झालं.

तिचं म्हणणं, चूक तिची. त्या बुधवारी उलटी झाली, त्यात गोळ्या पडल्या असणार. थोडा दम धरायला हवा होता, ती म्हणते. पोटात दाबून ठेवायला हव्या होत्या. ताई, ती हे कॉलर लावता लावता म्हणते, टाका जराही वाकडा न जाऊ देता, आणि मी मागे बसून खिसे लावते.

बातमी पसरायला किती वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पाचजणींनी गोळी घेतली नाही. गोळ्याच खोट्या, म्हणाल्या. फुकटचं औषध ते, त्याला गुण कुठला. बाहीवालीने तर तिची पट्टी माझ्यासमोर चहाच्या खरकट्यात टाकली. ऑफिसातल्या साहेबांपर्यंत गेलं. ते कॅन्टीनमध्ये येऊन नर्सबाईंना म्हणाले, म्हणून मी म्हणत होतो, या भानगडी कारखान्यात नकोत. पुढच्या महिनाअखेर हे वर्ग बंद करू. नर्सबाई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, मला आधी कळू दे काय झालं ते.

मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. डबा मागितला. एकेक पट्टी काढून उजेडाकडे धरली आणि विचारलं, रविवारी गोळ्या कोण देतं? मी शनिवारचं सांगितलं. त्यांनी दुसरी पट्टी उचलली. मग बॉयलरचं सांगितलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

गोळी अंगात साठून राहत नाही, त्या म्हणाल्या. ती रोजची आहे, श्वासासारखी. चार श्वास आज घेऊन ठेवले तर उद्या चालत नाहीत. आणि एका दिवसात पाच घेतल्या तर पोट ओकून टाकणार, ते त्याचं कामच. गोळी चुकली तर काय करायचं, किती चुकल्या तर काय, दुसरं काय वापरायचं, कोणाला पाठवायचं, हे सगळं मी तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तास शिकवलं. तू होतीस ना, त्यांनी विचारलं.

हजेरीपटावर माझी सही आहे.

सकाळीच केली होती, सकाळची आणि दुपारची, एकदम दोन्ही. जेवण झालं आणि मी पुलाचा तुकडा बघायला गेले. तुला सगळं वर्णन करून लिहिलं, एवढंच तेवढं लिहिलं नाही.

नर्सबाई म्हणाल्या, तिला तू सांगतेस की मी सांगू? मी म्हटलं, मी सांगते. हे गुरुवारी झालं. आज मंगळवार. सांगितलेलं नाही. गाठोडं बांधून ठेवलंय. नदीपलीकडे बाटल्या धुवायच्या कारखान्यात माणसं घेतात म्हणे, पुलावरून वीस मिनिटं. आजवर जिथे जिथे अंगाशी आलं तिथून मी गेले, आणि कधी कोणाचं काही अडलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पण मी न सांगता गेले तर तिला जन्मभर वाटणार की तिच्या पोटाने दगा दिला. आणि बाकीच्या दहाजणींना वाटणार की गोळ्या खोट्या, नर्स खोटी, तक्ता खोटा. पुढच्या वर्षी एकेकीचं पोट वाढेल आणि कोणाला कळणारही नाही की ते एका रिकामटेकड्या पोरीने पूल बघितला म्हणून.

तुला कोणी सांगितलं होतं का गं काही? लग्नाच्या आधी, किंवा पहिलीनंतर तरी? मला आता वाटतं, कोणीच नाही. आईने तर नाहीच. आणि मी, जिला दोन दिवस ऐकून एवढा माज चढला, मी तुला दोन वर्षांपूर्वी काहीच माहीत नसताना बोलले.

उद्या सांगते.

१० मे

ताई,

सांगितलं. उद्या म्हटलं तरी दोन दिवस गेलेच मध्ये.

मागच्या नळावर ती डबा धूत होती. मी बाजूला उभी राहिले, माझा डबा धुतलेला होता तरी परत धुवायला घेतला. म्हटलं, तुझ्या उलटीने काही झालं नाही. शनिवारच्या दोन गोळ्या, त्या बुधवारच्या पाच, हे मी माझ्या मनाने केलं. नर्सबाईंना मी कधी विचारलंच नव्हतं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. हे सगळं शिकवलं त्या दुपारी मी वर्गात नव्हते, नुसती सही होती.

ती डबा विसळत राहिली. आत विसळला, बाहेर विसळला, झाकण विसळलं. नळ बंद केला आणि गेली. पुढचे दोन दिवस तिने माझ्याकडून बॉबिन घेतलं नाही, काकूकडून मागवून घेतलं. काकूने मला एकदाच विचारलं, तू काय केलंस तिला? मी म्हटलं, सांगेन, सगळ्यांना सांगेन. आधी तिचं होऊ दे.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या मशिनीशी येऊन उभी राहिली. बसली नाही. म्हणाली, “गुरुवारी हॉस्पिटलात जायचंय. सोबत कोणीतरी लागतं, सही करायला. तू चल. न वाचता सही करायची तुला सवय आहे.”

मी गेले. नर्सबाईंनी गर्भपाताचं सगळं लावून दिलं होतं. कारखान्यात आम्ही दोघींनी रजा टाकली, तिने सासूला सांगितलं की दातासाठी जातेय. नवऱ्याला मात्र फोनवर खरं सांगितलं होतं तिने. तो म्हणाला, तुला काही झालं तर मी या दोघांना घेऊन ट्रकमध्ये राहू का? जा तू. आणि आईला नको सांगूस, ती सांभाळून घेईल पण तिला झोप लागणार नाही. बसमध्ये तिने एवढंच मला सांगितलं, तेही खिडकीकडे बघून.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढून तिला एकटीला विचारलं. दार नीट लागत नव्हतं, ऐकू येत होतं. तुझ्या मनाने आलीस ना? कोणी पाठवलं नाही ना? पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने. ती म्हणाली, माझं धाकटं अजून अंगावर पितं, मला जगायचंय. मग माझ्यासमोर कागद आला. मी तो वाचला, ताई. पहिल्या अक्षरापासून. दोन पानं होती, मागच्या बाजूलाही छापलेलं होतं. रक्त जास्त गेलं तर काय, ताप आला तर काय, जुन्या शिवणीमुळे काय होऊ शकतं. कारकून म्हणाला, बाई, रांग आहे. मी म्हटलं, असू दे. मागची बाजू वाचून संपली तेव्हा सही केली.

बाहेरच्या बाकावर साडेतीन तास बसले. आयुष्यात एका जागी एवढा वेळ मी पगार असल्याशिवाय बसले नव्हते. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा अडकून अडकून पुढे जात होता आणि दर वेळी मला वाटायचं, थांबलं.

ठीक आहे ती. रक्त जरा जास्त गेलं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निभावलं. परत येताना ती माझ्या शेजारी बसली, कारण बसमध्ये दुसरी जागा नव्हती. उतरताना माझा हात धरला, पायरी उंच होती म्हणून. उतरल्यावर सोडला.

हे मी तुला का लिहितेय? मला माफ कर म्हणून नाही. माफ कर हे मी तुला मागच्या पत्रातच म्हणायला हवं होतं आणि मी तिथे तुलाच प्रश्न विचारत बसले. तेव्हा आता म्हणते. त्या संध्याकाळी मी जे बोलले ते चूक होतं. नुसतं उद्धट नव्हतं, चूक होतं.

तुझी भिंगरी

२० मे

ताई,

गाठोडं सोडलं. कपडे खुंटीला लावलेत. एवढ्यावरून काही ठरवू नकोस, मीही ठरवलेलं नाही.

काल दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. नर्सबाई आधी म्हणाल्या होत्या की नाव घ्यायची गरज नाही, चूक कशी झाली तेवढं सांग. मी म्हटलं, चुकीला नाव नसेल तर ती गोळीवरच जाईल परत. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. साहेबही आले होते, दाराशी उभे, दोन्ही हात खिशात घालून. कॉलरवाली नव्हती. ती त्याच दिवशी कामावर परत आली होती, पण सुट्टीत मशिनीवरच बसून राहिली.

मी तक्त्याजवळ उभी राहिले. सांगितलं. शनिवारचं, बुधवारचं, सहीचं, पुलाचं. पूल म्हटल्यावर कोणीतरी हसली आणि गप्प झाली. गोळी खोटी नाही, मी खोटी बोलले, एवढं सांगून झालं. हातात रिकामं रीळ होतं, तेच फिरवत राहिले.

मला वाटलं, शिव्या देतील. बाहीवाली नुसती माझ्या फितीकडे बघत होती. मग काजवाली काकू म्हणाली, “आम्हाला वाटलं, तू शिकलेली आहेस.”

तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच तसं वाटलं होतं.

मी फीत काढून टेबलावर ठेवली. नर्सबाईंनी ती उचलली नाही. त्यांनी पुढे येऊन दहाही जणींना सांगितलं की आजच तपासून घ्या, आणि तपासल्या. बाकी कोणाला काही नाही, एवढं नशीब माझं नाही, त्यांचं. चौघी म्हणाल्या, आता नकोच ती कटकट. सहाजणी म्हणाल्या, देऊन टाका, आमच्या पट्ट्या आम्ही नेतो. कुठे ठेवणार, असं नर्सबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी भराभर जागा सांगितल्या. उशीच्या अभ्र्याच्या शिवणीत, मुलाच्या जुन्या बुटात, देवाच्या तसबिरीमागे. माझ्या डब्याची कोणालाच गरज नव्हती, ताई. कधीच नव्हती बहुतेक. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितल्या असत्या त्यांनी जागा. साहेब म्हणाले, वर्ग तूर्त चालू ठेवा, पण या पोरीला बसवा आधी पहिल्या दिवसापासून. पुढच्या महिन्यात दुसऱ्या तुकडीबरोबर मला बसायचंय, तिन्ही दिवस, आणि हजेरी दुपारची दुपारीच.

सगळ्या पांगत होत्या. कोणी पाणी पीत होतं, कोणी बिल्ला मागत होतं. एवढ्यात कॉलरवाली दारात दिसली. किती वेळची उभी होती कोण जाणे. कमरेला रुमाल घट्ट बांधलेला, चेहरा अजून पांढरा. ती सरळ माझ्यासमोर आली. सगळ्या होत्या तिथे थांबल्या.

“मग आता मी काय घेऊ, ते सांग,” ती म्हणाली. “पुढच्या आठवड्यात तो येणार आहे.”

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. एक नाही, तीन आली होती. तांबी, इंजेक्शन, निरोध, तक्त्यावरचं सगळं मला पाठ आहे, रांगेने म्हणता येतं. पण हिच्या शिवणीला काय चालतं, आत्ताच झालेलं असताना काय चालतं, अंगावर पाजताना काय चालतं, त्यातलं मला काही ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे डोळे वर करून तिने बघितलं त्याला अडीच आठवडे झाले होते.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “नर्सबाईंना विचारू.”

तिने जरा वेळ मान हलवली, म्हणजे हो अशी नाही, नुसतीच. मग म्हणाली, चल. ती पुढे, मी मागे, आम्ही टेबलांमधून नर्सबाईंकडे गेलो. मी बाजूला थांबू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, नको, तूही ऐक.

भिंगरी